नव्या तांदळाचं ताट

नवा तांदूळ शिजायला लागला, की महायुद्धाच्या दिवसांतलं आमच्या मुरबाडच्या घरातलं ते जेवण आठवून अजून डोकं फिरतं. आम्ही दोघं नवरा-बायको देव न मानणारे. सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांनी त्यांची राख नाशिकला न नेता आमच्याच भाताच्या खाचरात पसरली, आणि लेकीला स्वर्गबिर्ग न सांगता सरळ म्हणाले, "आजी मातीत मिसळली. त्याच मातीतून भात उगवतो." दिवाळीनंतर नवा भात वाढला, तर पोरीने ताट सरकवलं. "मी आजीला नाय खायची!" हे समजावत बसले, भात थंडगार झाला. शेवटी वैतागून मीच ओरडले, "अगो, आजी देवाघरी गेली, जेव आता!" ती जेवली, हे उपाशी उठले. आता ह्यांची राखही त्याच खाचरात आहे, आणि नव्या तांदळाचं ताट समोर घेऊन मी मघापासून नुसती बसले आहे.