खालच्यांचा देव

तांब्या मिस्त्री कामाला आले की आधी तांब्याभर पाणी मागायचे आणि ते प्यायचे नाहीत. ते पाणी फरशीवर ओतून उकिडवे बसायचे आणि ओघळ कुठे जातो ते बघत राहायचे. लालबागच्या आमच्या चार मजली इमारतीतल्या अर्ध्याअधिक मोऱ्या त्यांनीच बसवलेल्या किंवा हलवलेल्या. कुणी घाई केली, "मिस्त्री, आता पाना काढा की," तर मान वर न करता म्हणायचे, "थांबा हो. पाण्याक कोण फसवतलो? कुठे जायचंय ते त्याला आपल्या आधी कळतं." त्यांचं खरं नाव दत्ताराम. ते मला फार उशिरा कळलं.

त्यांची दुसरी सवय याहून वेगळी होती. काम वरच्या घरात असलं तरी ते आधी खालच्या घरी जायचे. चपला बाहेर काढून विचारायचे, "तुमचा देव कुठे बसतो? शेगडी कुठे? पाळणा कुठे टांगलाय?" हात लांब करून वितीने भिंतीपासूनची अंतरं मोजायचे आणि वर येऊन फरशीवर खडूने तेवढे चौकोन आखायचे. त्या चौकोनांवरून सांडपाण्याचा पाइप न्यायचा नाही. पहिल्या मजल्यावरच्या बौद्ध कुटुंबात बुद्धाची मूर्ती फडताळावर होती. तिचाही चौकोन त्यांनी तसाच आखला होता.

मी एकदा हसून म्हणालो होतो, "मिस्त्री, तुमच्या हातचा पाइप गळणार थोडाच?"

"गळतो ना. माझापण गळतो. आज नाही तर दहा वर्षांनी," ते म्हणाले. "भाऊ, गळला तर कुणाच्या डोक्यावर गळेल, एवढंच आपल्या हातात."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

पाच वर्षांपूर्वी आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. ती पंधरा दिवसांत घरी येणार होती, आणि आमची मोरी गॅलरीच्या टोकाला, तिच्या खाटेपासून पार लांब. मी ठरवलं की आंघोळीची जागा आतल्या खोलीत, खाटेच्या शेजारी आणायची. पाणी मात्र जुन्या मोरीच्या निचऱ्यालाच सोडावं लागणार होतं, कारण बाहेरचा उभा पाइप तिथेच होता.

मिस्त्रींनी तांब्या ओतला, सुतळी धरली आणि दोन वाटा सांगितल्या. भिंतीच्या कडेने पाइप फिरवून न्यायचा तर अंतर वाढतं, तेवढा उतार द्यायला आंघोळीची जागा आठ इंच उचलावी लागते. म्हणजे पायरी आली. खोलीच्या मधून सरळ नेला तर जुन्या कोब्यात बसतो, पायरी लागत नाही.

"सरळच न्या," मी म्हणालो. "आईला पायरी चढता येणार नाही."

"खाली मालूमावशींचा देव असेल बघा तिथे. जाऊन येतो."

मालूमावशी दीड-दोन महिन्यांसाठी गावी गेल्या होत्या. त्यांचा देव्हारा नेमका त्याच ओळीखाली होता. लहानपणापासून तिथला प्रसाद मी खाल्लेला. तरी मी म्हणालो, "घराला कुलूप आहे. माझं फोनवर बोलणं झालंय त्यांच्याशी. देव्हारा त्यांनी कधीच हलवला, पुढच्या खोलीत."

फोन मी केलाच नव्हता. मिस्त्री थोडा वेळ खडू बोटांत फिरवत राहिले. मग तो खिशात टाकला आणि म्हणाले, "तुम्ही बोललायत ना? मग झालं." आमच्या इमारतीत चौकोन न आखता केलेलं ते त्यांचं पहिलंच काम असावं.

आई घरी आली. खाटेवरून चार पावलांत आंघोळ, म्हणून खूश होती. पाचव्या आठवड्यात मालूमावशी परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी पूजेला बसल्या असताना वरून थेंब पडला. पाइपाचा एक सांधा सुटला होता. आमच्या आंघोळीचं पाणी त्यांच्या देवांवर पडत होतं.

त्या वर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या हातात पदरात गुंडाळलेला ओला बाळकृष्ण होता. खालून गळतीचा निरोप येताच मी बोलावलेले मिस्त्रीही तोवर पोचले होते. खाली जाऊन, देव्हारा बघून ते वर आले होते. जिन्यावर शेजारी जमले.

"मिस्त्री, तुम्ही सगळ्यांच्या घरी विचारून जाता," मालूमावशी म्हणाल्या. "मीच काय पाप केलं होतं? माझ्याकडे यावंसं नाही वाटलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं. खाली बघून चपलेचा अंगठा नीट करत राहिलो.

"चुकलं मावशी," मिस्त्री म्हणाले. "यायला पाहिजे होतं. आलो नाही."

त्याच दुपारी त्यांनी सगळं उखडलं आणि तीन दिवसांत पाइप भिंतीच्या कडेने फिरवला. पायरी आलीच. पण त्यांनी एका उंच पायरीच्या जागी चार-चार इंचांच्या दोन रुंद पायऱ्या केल्या आणि भिंतीत स्टीलचा दांडा बसवला. आईला हात धरून त्यांनीच एकदा चढवून दाखवलं. ती चढली. मी आधी खरं सांगितलं असतं तरी ते हेच करणार होते.

त्यानंतर इमारतीत त्यांना कुणी बोलावलं नाही. मालूमावशींचा शब्द आमच्याकडे चालतो. हिंदमाताच्या पुलाखाली मिस्त्री एक-दोनदा दिसले, तेव्हा मी रस्ता बदलला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती तो दांडा धरून स्वतः आंघोळीला जायची.

गेल्या महिन्यात मी पत्ता काढून शीव कोळीवाड्यात त्यांच्या घरी गेलो. डोळे गेलेत आता. आवाजावरून ओळखलं. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मावशींच्या भिंतीवर समईच्या काजळीचा एवढा मोठा डाग. वीस-पंचवीस वर्षांचा. हलवलेला देव्हारा असा नसतो."

"मग तेव्हाच का नाही बोललात? सगळे उभे होते."

"तुमच्या आई आत होत्या ना खाटेवर. दार उघडं. आपल्यासाठी पोरगा देवाबद्दल खोटं बोलला, असं कळतं तर त्या माउलीने त्या मोरीत पाय ठेवला असता?"

मग त्यांनी विचारलं, "मावशींना सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, आधी तुमच्याकडे यावं."

"म्हणजे पुन्हा तेच केलंत," ते म्हणाले आणि हसले. "आधी खाली जायचं असतं हो."

संध्याकाळी घरी परतलो तेव्हा तिसरा मजला चढलो नाही. दुसऱ्यावर थांबलो, चपला काढल्या आणि दार वाजवलं. मालूमावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून देव्हाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.

"पाच वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली," त्या म्हणाल्या. "दारोदार सांगितलं, त्याला बोलावू नका म्हणून. ते निस्तरायचं आता तू. एकेका दारी जाऊन सांगायचं."

"सांगतो."

"आणि त्यांना घेऊन ये एकदा. प्रसादाला."

"दिसत नाही त्यांना मावशी. जिना चढवत नाही."

त्या वळल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, दाराशी येऊन चपला शोधू लागल्या.

"मग मी उतरते," त्या म्हणाल्या. "चल, टॅक्सी बघ."