ढोलकी, भिंत आणि माझी मान
टर्पेंटाइनचा वास आला की मला पांढरकवड्यातली एक लांब भिंत आठवते. भीमजयंतीसाठी आम्ही दोघे पेंटर ती दोन टोकांकडून रंगवत होतो. गाण्याशिवाय माझा ब्रश चालत नाही, म्हणून नवेकोरे इयरफोन कानात खुपसून मी भीमगीतं लावली होती. ढोलकी अशी घुमत होती, की निळा रंगही तालातच बसत होता. मध्येच जोडीदार जवळ आला, हायवेकडे हात करून काहीतरी बोलला. मी आपला ठेक्यावर मान डोलावत राहिलो. गाणं संपल्यावर वळलो, तर त्याचा ब्रश स्वच्छ धुऊन ठेवलेला. समोरच्या टपरीवरचा चहावाला म्हणाला, "गेला ना तो हैदराबादले! तिकडं काम भेटलं, ट्रकवाला थांबला होता. 'जाऊ काय बे?' म्हणून तुमालेच तर इचारलं त्यानं." मी फोन लावला. "तू नोको म्हणला असता त राह्यलो असतो," तो म्हणाला, "पन तूनंच मुंडी हलवली ना बे!" आणि मी शहाणा, गाणं ऐकत होतो एवढंही त्याला सांगू शकलो नाही. आता भिंती एकटाच रंगवतो. गाणं लावतो, पण मान ताठ ठेवतो. विचारायला कोणी येत नसलं तरी.