काचेमागचा बिल्ला

माझी आई बोगुमिवा पोलंडहून शिकागोला आली ती पिसांची उशी, मांस दळायचं यंत्र, बिलोरी वाडगा आणि बाबांच्या शाळेचा बिल्ला घेऊन. उशीला वास येतो, यंत्र बोथट झालंय, वाडग्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. काही टाकून देऊ म्हटलं की बाईंचा पारा चढतो.

बिल्ला मात्र काचेच्या चौकटीत, जेवणाच्या टेबलासमोर. निळं कापड, मधे दिवा. मी नापास झाले की रात्रभर ऑफिसं झाडून आलेली आई त्याच्याकडे बोट दाखवायची. "हा बाहीवर पक्का शिवून रोज शाळेत गेले तुझे बाबा. कधी दांडी मारली नाही." बाबा खाली मान घालून बिटाचं सूप पीत राहायचे. मला तो त्यांचा विनय वाटायचा.

बाबा गेले. यंदा आमच्या शनिवारच्या पोलिश शाळेला बोधचिन्ह हवं होतं. तिथल्या कलिनाबाई आमच्याच गावच्या. त्यांनी नमुन्याला बाबांचा बिल्ला मागितला. बाबांचं काहीतरी पोरांच्या बाहीवर राहणार म्हणून मी हरखले. आईचं एकच, नाही.

"अगं, टाके बघायचेत त्यांना."

"काचेतून बघा म्हणावं."

"मागून बघितल्याशिवाय कळेल कसं?"

"मागून कशाला? लोक पुढूनच बघतात."

कधी कापड विरेल, कधी कलिनाचे हात तेलकट. माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी एका रविवारी जेवणं झाल्यावर मी चौकट उतरवली आणि तिच्यादेखत मागचे खिळे उपटले.

बिल्ल्याच्या मागे टिचबटणं होती. शाळेबाहेर पडलं की बिल्ला खिशात, म्हणजे कुठल्या शाळेचं पोर भटकतंय ते रस्त्यात कुणाला कळायला नको.

"बाबा दांडी मारायचे?"

"मारायचे."

"आणि याच बिल्ल्यानं तू माझा जीव खाल्लास? तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? बटणं मीच लावून दिलेली. त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही. नदीवर जायचो आम्ही."

मी कपाळाला हात लावला. "मग तुझा बिल्ला कुठाय?"

"माझा शिवलेलाच होता. त्यांचं करण्यात माझं राहून गेलं." तिनं टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. "एकदा नदीवर पोलीस शिपायानं धरलं. त्यांच्या बाहीवर काही नव्हतं, ते सुटले; माझ्या बाहीवर बिल्ला होता, शाळा कळली. शाळेनं पटावरून नाव काढलं माझं. सोबत कोण होतं ते मी सांगितलं नाही."

"आणि बाबा?"

"ते शिकले. त्यांनाही मीच गप्प राहायला सांगितलं होतं. माझी शाळा सुटली, म्हणून तर मी तुझ्या मागे लागायचे गं."

इतक्या वर्षांचा राग आता कुणावर काढायचा ते मला कळेना. रडू आलं, त्याचाही राग आला. आईनं बिल्ला माझ्याकडे सरकवला.

"दे जा कलिनाला," ती म्हणाली. "आणि पोरींच्या बिल्ल्यांना तरी टिचबटणं लाव म्हणावं."