दोन सेकंदांचा माणूस

माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या गृहस्थाइतका उतावळा माणूस अख्ख्या मुंबईत झाला नाही आणि पुढे होण्याची शक्यताही नाही. मरोळच्या आमच्या ऑफिसात लिफ्ट यायला उशीर झाला, तर हा सहा मजले चढून जाई आणि मागून लिफ्टनं आलेल्या आमच्याकडे कामचुकारांकडे बघावं तसा बघे. डोसा पाच मिनिटांत आला नाही की उठून शेजारच्या हॉटेलात, तिथंही तेच. जेवणाच्या सुट्टीत तीन हॉटेलं पालथी घालून उपाशी परतलेला हा एकच प्राणी मी पाहिलाय. समोरच्याचं वाक्य तो स्वतःच पुरं करी, आणि तेही चुकीचं. "माझी आई काल..." एवढंच मी म्हणालो, तर "वारली? अरेरे!" म्हणत माझ्या पाठीवर हात. आई काल नाटकाला गेली होती. स्वतःच्या लग्नातसुद्धा यानं भटजींना, "डायरेक्ट शेवटच्या मंगलाष्टकावर या ना," असं सांगितलं होतं म्हणे.

अशा माणसाच्या हाती वाट बघण्याचं खातं यावं, याला काय म्हणायचं? आम्ही ग्राफिक्स ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड यांच्यामधला निरोप्या. तो कार्डाला काम सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. ठरावीक वेळात उत्तर आलं नाही, की कार्ड अडकलं असं समजून त्याला रीसेट करतो. किती वाट बघायची, ते यानं ठरवायचं. यानं ठरवलं, दोन सेकंद. जुनी कार्डं असलेल्या गिऱ्हाइकांचे पडदे सारखे काळे पडू लागले, तक्रारींचा ढीग लागला. याचं एकच पालुपद, "मेलीत ती कार्डं यार, फेकून द्या."

दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. एके दिवशी चहा पिता पिता हा म्हणाला, "बाबांना आता काही कळत नाही रे. दहादा विचारलं तरी उत्तर नाही. रविवारी आश्रमात सोडतोय." गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून ज्यांनी याला इंजिनीअर केलं, त्या माणसाचा निकाल यानं अर्ध्या कप चहात लावला होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी तक्रारींच्या नोंदी तपासल्या आणि त्याला बोलावलं. "जुनं कार्ड अडकलेलं नाहीच," मी म्हणालो. "हळू चालतंय फक्त. उत्तर येणार, तेवढ्यात आपण त्याला रीसेट करतो आणि तेच काम पुन्हा सांगतो. मग ते बिचारं पहिल्यापासून सुरू करतं. आपणच त्याला बोलू देत नाही." यानं माझं वाक्य मध्ये तोडलं नाही, तेव्हाच मी घाबरलो. त्यानं लॅपटॉप मिटला. "घरी चल," म्हणाला.

दिंडोशीच्या घरात दाराशी वडिलांची बॅग भरून ठेवलेली. हा त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "बाबा, आश्रमात जायचंय की इथंच राहायचंय?" त्याची बायको सवयीनं तोच प्रश्न पुन्हा विचारायला गेली, यानं हात वर केला. मी घड्याळाकडे बघत होतो. पाच सेकंद. आठ. म्हाताऱ्याचे ओठ हलले. त्यांच्या वतीनं मीच बोलून टाकावं असं मला झालं. दहा. बारा.

"माका... हयच रवांदे."

इथंच राहू दे, त्यांच्या मालवणीत. कोणी मध्ये बोललं नाही, म्हणून आणखी थोड्या वेळानं पुढचं आलं, "तू माका... बोलाक खंय दितस?" हा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी ड्रायव्हरमधला आकडा बारा सेकंद झाला. पडदे काळे पडायचे थांबले. साहेबांनी विचारलं, "बारा कुठून काढलेस?" म्हणाला, "घरी मोजले."

वडील पुढे वर्षभर दिंडोशीतच राहिले, आपल्या वेगानं बोलत राहिले, आणि गेले. डोशासाठी हा अजूनही थांबत नाही. पण परवा त्यानं मला विचारलं, "आई कशी आहे रे?" माझ्या तोंडात घास होता, उत्तर द्यायला बराच वेळ लागला. तो थांबला.