तोंड नको, हात दे

"तोंड नको गं, हात दे."

मेकअपवाल्याने माझा हात ओढला आणि मुंबईहून आलेल्या गोऱ्या हिरोइनच्या गालाला लावला. डबीत तपकिरी रंग कालवला, तिच्या गालावर थापला, पुन्हा माझ्या हाताशी ताडून बघितला. दुकानात साडीला ब्लाउजपीस लावून बघतात ना, तसा. तासभर मी हात पुढे करून उभी. माशी बसली तरी हलायचं नाही.

कर्जतजवळच्या माळावर एका जुन्या कार्टूनची सिरीज बनत होती, खरी माणसं घेऊन. त्यातली पोर काळीकुट्ट. कोयता घेऊन जंगल तोडणाऱ्यांना भिडणारी. लहानपणी कशेळ्याला मावशीच्या घरी मी तिला बघायची. वर्गात पोरं मला 'डांबर' म्हणायची. टीव्हीवर माझ्या रंगाची तेवढी एकच होती, आणि तिला चिडवायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या रोलसाठी ऑडिशन दिली. डायलॉग धडाधड म्हटले. डायरेक्टर खूश झाला आणि मला डुप्लिकेट म्हणून घेतलं. मार खायला, पडायला, पाठमोरी मी. चेहरा हिरोइनचा.

मला तिथे घेऊन आलेला कोऑर्डिनेटर आमच्याच गावचा, वरच्या आळीतला. त्याला विचारलं, "दादा, काळीच पायजे तर मी का नाय?"

तो हसला. "आगं, खरी काळी पडद्यावर घाण दिसती. रंगवलेली गोड दिसती."

मी जाऊन पुन्हा हात पुढे केला. त्या हात पुढे करण्याची लाज मला अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी मारहाणीचा सीन. गुंड पोरीला केसांना धरून फरफटत आणतो, काठीने झोडपतो. काठी आधी फोमची होती. डायरेक्टरला खरं वाटेना. मग बांबू आला. पहिला फटका पाठीवर. दुसरा खांद्यावर. "और जोर से!" डायरेक्टर ओरडला. तिसऱ्याला मी कळवळून वळले आणि बांबू तोंडावर बसला. ओठ फाटला. दात हलला. हनुवटीवरून रक्त गळ्यात उतरलं.

वाटलं, कुणीतरी पाणी आणेल. धावत आला तो मेकअपवाला. मागोमाग हिरोइन.

"रक्त पुसू नकोस. आधी हिच्या ओठावर सेम काढू दे, क्लोजअपला."

त्याने माझी हनुवटी चिमटीत धरली. नजर माझ्या ओठावर, ब्रश तिच्या ओठावर.

"सॉरी हं, ताई," ती म्हणाली. आणि ओठ पुढे केला.

माझं डोकं फिरलं. गुंडाच्या हातातला बांबू हिसकावला आणि रंगाच्या पेटीवर घातला. डब्या फुटल्या. कोऑर्डिनेटर धावला, "काळे, माजलीस काय?" त्याच्या नडगीवर हाणला. तो मटकन खाली बसला. मग रक्ताने भरलेला तळवा मी तिच्या गालावरून खसकन ओढला. माझा रंग निघाला, खालून तिचा गोरा पट्टा उघडा पडला.

"हे घ्या, खरं रगत. लावा आता."

त्यांनी मला गेटबाहेर ढकललं. घरी आईने ओठात हळद भरली. कुणाला का हाणलंस, असं विचारलं नाही. "दात शाबूत हाय ना?" एवढंच.

परवा खालापूरहून दुसऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन आला. जंगलातल्या बाईचा रोल, हिरोइन ठरलेली, फक्त हातपाय तुझे पाहिजेत.

मी म्हटलं, "फाटक्या ओठाचं हे तोंड पडद्यावर दाखवणार आसाल तर बोला. नुसता हात मागाल, तर बांबू घेऊनच येईन."