आप्पांची गूळतुला

आमच्या आप्पांनी आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या कष्टानं मिळवली होती, ती म्हणजे वजन. निपाणीतली तंबाखूची वखार वडिलांची, मानाचा फेटा सासऱ्यांचा. (आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते.)

त्यांचा मेहुणा कोगनोळीचा. गेल्या वर्षी त्यानं देवळात स्वतःची गूळतुला करवली. एका पारड्यात तो, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतक्या गुळाच्या शेर-शेराच्या लहान ढेपी; गूळ मग गावाला वाटला. तेव्हापासून आप्पांना अन्न गोड लागेना. यंदा आपली तुला, आणि मेहुण्यापेक्षा एक ढेप तरी जास्त. देवाला काय हवं, हे कुणी विचारलं नाही.

तुलेच्या आठवड्यात आप्पांचे पाय सुजले, पोट वाढलं, दम लागू लागला. काकी घाबरल्या. आप्पा खूश.

"बाळसं धरलंय गं," म्हणाले.

ऐन तुलेच्या सकाळी श्वास पुरेना, तेव्हा काकींनी मोटार पाठवून बेळगावहून डॉक्टर आणवला. त्यानं पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"हे मांस नाही, पाणी आहे."

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या तंबाखूत माती निघाली होती. तरी लघवी वाढवणारी सुई घेतली. ती विलायती होती.

"आज दिवसभर बसून राहतील ना?" डॉक्टरनं मला विचारलं, कारण घरात शिकलेला मी. (डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षी आपटून मी परतलो होतो, हे काकींनी त्याला सांगितलं नव्हतं.)

"बसूनच तर राहायचंय," मी म्हणालो. कुठं, ते त्यानं विचारलं नाही.

देवळापुढं वखारीतला मोठा तराजू टांगला होता. मामलेदार खुर्चीत. आप्पा पारड्यात बसले, ढेपी चढू लागल्या, मेहुण्याच्या बरोबरीला आल्या. आणखी एक ढेप उचलणार, तोच आप्पा म्हणाले, "थांबा रं. उतरवा मला."

देवळामागं जाऊन आले, तर पारडं वर. एक ढेप काढावी लागली. पुन्हा "उतरवा". पुन्हा ढेप खाली.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "वाटंत कुठं सांडताय?"

आप्पा तांब्या मागवून पारड्यातच घटाघटा पाणी प्याले. पारडं जरा खाली आलं. ढेप यायच्या आत पुन्हा उतरवावं लागलं.

"शिकलाईस न्हवं?" मामलेदारांदेखत ते माझ्यावर उखडले. "पितोय त्ये जातंय कुठं?"

व्याख्यानाची संधी मी सोडणार थोडाच! "मूत्रपिंडं रक्तातलं पुष्कळ पाणी गाळतात, आप्पा, पण बहुतेक सगळं परत घेतात. हे औषध मीठ परत घेऊ देत नाही, मग पाणीही मिठामागोमाग बाहेर जातं."

"म्हंजे आतला कारकून फितवलास. त्येला सांग, तुला हुईपातूर परत घे म्हणावं."

कारकुनानं ऐकलं नाही. तुला मेहुण्यापेक्षा कमीच भरली. मामलेदार हार घालायला उठले तेव्हा आप्पा नेमके देवळामागं होते. हार तराजूच्या दांडीला घातला.

परतताना आप्पा देवळाच्या पायऱ्या एका दमात उतरले. जोडा पायात बसला. काकींनी तिथूनच देवाला हात जोडले, गावानं कमी पडलेल्या गुळाचा दोष माझ्या शिक्षणाला दिला, आणि आप्पांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

वैद्यकीत माझ्या वाट्याला आलेलं यश एवढंच. आणि रोगी ते मरेपर्यंत माझा गुन्हा म्हणून सांगत राहिला.