साडूंच्या सात कळा

आमच्या थोरल्या साडूंइतका मनापासून नेम चुकवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. नेम चुकवणारे पुष्कळ असतात, पण ते आळसानं नाहीतर अडाणीपणानं चुकवतात. साडू अभ्यास करून चुकवत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशानं प्राथमिक शिक्षक, अंगानं छडीसारखे, आणि स्वभाव असा की लिहिलेलं पत्र टपालपेटीपर्यंत नेऊन खिशात घालून परत आणणार. एस. टी. सुटायच्या दोन तास आधी स्टँडवर हजर, आणि गाडी फलाटाला लागली की हे नेमके शेंगदाणे घ्यायला गेलेले. एकदा पाथरीला लग्नाला निघालो, तर त्यांनी अशा तीन गाड्या सोडल्या. चौथीत मी त्यांना दंडाला धरून चढवलं. "साडूभाऊ, घाई केली की चुकतं," असं ते मला मानवतचं स्टँड येईपर्यंत समजावत होते.

अशा माणसाच्या हाती सत्त्याऐंशीच्या सुमारास धनुष्य आलं. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असे, तो सुट्टीला आला तेव्हा सामानातून घेऊन आला. साधं नव्हे, कंपाउंड धनुष्य. दोन्ही टोकांना चाकं आणि मधे तारांचं जाळं. गल्लीतल्या रिक्षावाल्यानं ते पाहून "गुर्जी, सायकल मोडली का काय?" म्हणून हळहळत विचारलं होतं. हे धनुष्य ओढताना आधी जड लागतं, पण पूर्ण ओढलं की चाकं फिरून ओढ एकदम हलकी होते, म्हणजे माणसाला निवांत नेम धरता यावा. अर्थात माणूस मुळात निवांत हवा. साडूंनी घरामागच्या मोकळ्या जागेत बारदानात कडबा ठासून ते उभं केलं, त्यावर गेरूनं गोल काढला, आणि त्या दिवसापासून शेजारच्या बायकांनी त्या अंगाला वाळवण घालणं बंद केलं. त्यांचं तरी काय चुकलं? एक बाण तर कुंपणापलीकडे उभ्या सायकलच्या सीटमध्ये घुसला होता, आणि सायकलवाला नुकताच खाली उतरला होता.

या धनुष्याची दोरी बोटांनी सोडली तर बोटं सोलून निघतात आणि बाणही भरकटतो. त्यासाठी मुठीत मावेल अशी एक कळ लागते. ती दोरीला पकडून ठेवते आणि चाप दाबला की सोडते. पुतण्यानं कळ आणलीच नव्हती, आणली होती ती कळांची चित्रं असलेली पुस्तिका. साडूंनी ती चित्रं नेऊन किसन मिस्त्रीसमोर ठेवली. किसनचं स्टेशनच्या पलीकडे लेथचं दुकान होतं, आणि लोखंडाची कुठलीही वस्तू तो नुसतं चित्र पाहून करी. पहिली कळ मनगटाला पट्ट्यानं बांधायची, तर्जनीनं चाप ओढायचा. ती फार हळवी निघाली. मग दुसरी आली, अंगठ्यानं दाबायची. ती फार अडेल. मग करंगळीची, मग दोन चापांची. प्रत्येक नवी कळ साडू सुनेचं तोंड बघावं तसे उलटसुलट बघत, चार दिवस खूश असत, आणि पाचव्या दिवशी रुमालात गुंडाळून पुन्हा दुकानाकडे निघत.

दोष कळांचाच होता असं मात्र नाही. समोर गोल दिसला की साडूंचं काहीतरी होई. हात गोलाच्या वीतभर खाली येऊन गोठे. कितीही रेटा, वर सरकत नसे. घाम फुटे, कोपर थरथरे, आणि कसाबसा हात वर गेलाच तर गोलाला शिवता क्षणी बोट झटका मारी आणि बाण कुंपणापार. पुस्तिकेत या दुखण्याचं नाव टार्गेट पॅनिक असं दिलं होतं, साडूंनी वहीत 'निशाणभय' असं भाषांतर करून खाली दोन रेघा मारल्या. उपायही होता: गोल पुसून टाका, तीन पावलांवर उभे राहा, डोळे मिटा आणि मारत राहा. साडूंनी तो वर्षभर केला. डोळे मिटून कोऱ्या बारदानावर ते इतके सुरेख मारत की बाणाला बाण घासे. डोळे उघडून गोल काढला की पुन्हा वीतभर खाली. शेवटी शेवटी ताटात पापड वाढला तरी ते नजर भाजीकडे ठेवत.

या घराची आणखी एक तऱ्हा होती. एकाही दाराला आतून कडी नव्हती. होत्या त्या साडूंनी स्वतः उपटून काढल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा. आत गेलेल्यानं गात राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. मला एकच आरती पाठ, ती संपायच्या आत आंघोळ उरकावी लागे. एकदा मी वैतागून अक्कांना, म्हणजे थोरल्या मेहुणीबाईंना, म्हटलं की बाजारातून एक कडी मीच आणून ठोकतो. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नका आणू," त्या म्हणाल्या. "आमी गंगाखेडकडं खेड्यात होतो ना, नामांतराची दंगल झाली त्या साली, तवापासून ह्यांना कडी बघवत न्हाई. भरदुपारी वस्तीवर लोक चालून आले. घरं पेटवायलेत, मारायलेत. किसन आन् त्याचा म्हातारा पळत पळत आमच्या दाराशी आले. 'गुर्जी, कडी काढा.' ह्यांचा हात कडीवर. मी पोरीला कडंवर घेऊन मागं उभी. हात कडीवर हाय, आन् कडी काही निघंना. लय वेळ. मग बाहेरचा आवाज थांबला."

म्हातारा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. साडूंनी गावात सांगितलं, 'मी त्या दिवशी गंगाखेडला गेलो होतो, घरात कुणी नव्हतं.' पुढं त्यांनी बदली मागून घेतली. गाव सोडून किसनही परभणीला आला, लेथ शिकला.

ते ऐकल्यावर मला त्या कळांचा उलगडा झाला, आणि त्यावरून थट्टा करणं मी त्या दिवसापासून सोडलं. साडू दुकानात कळ घ्यायला जात नव्हते. 'किसन, मी घरातच होतो' एवढं एक वाक्य सांगायला जात होते. दुकानाच्या पायरीवर त्यांचं ते वीतभर खालचं दुखणं सुरू होई, आणि तोंडातून निघे, "मिस्त्री, अंगठ्याची एक करून बघू या का?" अशा सहा कळा झाल्या. मी त्यांच्या जागी असतो तर कडी काढली असती का, हे मी स्वतःला विचारलेलं नाही. उत्तराची मला भीती वाटते.

सातवी कळ सांगितली आणि कळलं की किसन दुकान विकून मुलाकडे नाशिकला निघालाय. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला अजून वर्षभर होतं. त्या आठवड्यात साडू चारदा दुकानापर्यंत जाऊन आले. पाचव्यांदा मी बरोबर गेलो, एस. टी.त चढवलं होतं तसंच दंडाला धरून. दुकानातलं सामान पोत्यांत भरून झालं होतं. किसन स्टुलावर बसून सातव्या कळेवर शेवटची कानस मारत होता. पन्नाशीही झाली नव्हती, पण डोकं पांढरं.

"या गुर्जी. हिला चापच न्हाई," तो म्हणाला. "वढीत राहायचं नुस्तं. सुटंल तवा सुटंल. कवा सुटंल ते आपुन ठरवायचं न्हाई."

साडूंनी ती हातात घेतली, कडा चाचपल्या, आणि कळेकडेच बघत म्हणाले, "धार जरा जास्त आहे का इथं, मी घरातच होतो किसन."

मला वाटलं आता काहीतरी कोसळेल. किसननं फुंकर मारून मांडीवरचा लोखंडाचा कीस उडवला.

"ठाव हाय," तो म्हणाला. "दाराच्या खालून तुमचे पाय दिसत व्हते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मी कामून बोलू? बोलायचं तुमी व्हतं." त्यानं कानस पोत्यात टाकली. "तुमी यायचे. मला वाटायचं, आज बोलतील. कळ सांगून जायचे. मग मीबी पर्त्येक कळंत जराशी खोट ठिवायलो. नीट झाली आसती तर तुमी परत कशाला आले आसते?"

साडू काहीतरी पुटपुटले. माफी हा शब्द तेवढा मला ऐकू आला.

"ते मला इचारू नका. ते म्हाताऱ्याचं व्हतं, माझ्याकडं न्हाई," किसन म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ही घेऊन जा. हिच्यात खोट न्हाई."

किसन दोन दिवसांनी गेला. नाशिकचा पत्ता त्यानं दिला नाही आणि साडूंनी मागितला नाही. सातवी कळ खरोखरच निर्दोष निघाली. साडू आता गेरूनं गोल काढतात, डोळे उघडे ठेवतात, हात वर जातो, आणि बाण गोलाच्या मधोमध बसतो. पहिल्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते माझ्याकडे असे काही बघत राहिले की मी हात खाली घेतले. दिवसाला ते एकच बाण मारतात. मग ती कळ तेलाच्या फडक्यानं पुसतात, उन्हात धरून तिचे सांधे एकेक करून तपासतात, बराच वेळ. ती कुठं झिजली आहे का, एवढंच ते शोधत असतात, आणि ती काही झिजत नाही. मला माझ्या साडूंचं फार वाईट वाटतं, आणि किसनचं त्याहून जास्त.